थोपवून धरलेली जुळणी

दुधाला विरजण लावल्यावर रात्रीतून जे दही लागते, त्याला घट्टपणा देणारा पदार्थ बाहेरून आलेला नसतो. तो दुधात आधीपासूनच असतो, फक्त त्याचे कण तोवर एकमेकांना चिकटत नसतात. केसीन या कुळातील चार प्रथिने कॅल्शियम फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म कणांसह एकत्र येऊन दुधात साधारण १०० ते २०० नॅनोमीटर व्यासाचे गोलक तयार करतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि या गोलकांच्या पृष्ठभागावर कप्पा-केसीन या प्रथिनाची ऋणभारित टोके लवेसारखी उभी असल्यामुळे दोन गोलक जवळ आले तरी परस्परांना दूर लोटतात. विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करू लागले, की दुधाचा सामू ६.७ च्या आसपासून ४.६ कडे उतरतो, गोलकांवरील विद्युतभार ओसरतो, लव आडवी पडते, आणि इतका वेळ थोपवून धरलेले गोलक आपोआप एकमेकांत गुंतून पाण्यासकट उभे राहील असे जाळे विणतात.

बाहेरच्या कोणी एकेक तुकडा उचलून जागेवर न बसवता रेणूंनी स्वतःच्याच आकर्षण-प्रतिकर्षणाच्या बळावर ठरावीक घडण धारण करणे, याला स्वयंरचना म्हणतात. प्रयोगशाळेत घडवलेले छोटे पेप्टाइड आणि सजीवांकडून मिळणारी मोठी प्रथिने यांना एकत्र आणून अशा रचना उभारण्याचे प्रयत्न गेली काही दशके जगभर चालले आहेत. स्वयंरचना हा शब्द मात्र काहीसा फसवा आहे. त्यातून असे ध्वनित होते, की रेणूंना जुळायला लावणे हीच मोठी करामत असावी. प्रत्यक्षात या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर रेणू जुळतात फार सहज, आणि कसोटी लागते ती त्यांना नको त्या वेळी व नको त्या जागी जुळू न देण्यात.

पेप्टाइड आणि प्रथिन या दोहोंची घडण एकाच मालमसाल्याची आहे. वीस प्रकारची अमिनो आम्ले एकापुढे एक ओवून जी साखळी होते ती आखूड असेल तर तिला पेप्टाइड म्हणण्याची आणि लांब असेल तर प्रथिन म्हणण्याची पद्धत आहे. सीमारेषा सुमारे पन्नास अमिनो आम्लांपाशी मानली जाते, आणि ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन बरोबर त्या रेषेवर उभे असल्यामुळे दोन्ही नावांनी ओळखले जाते. नावापेक्षा महत्त्वाचा फरक त्यांच्या उत्पादनात आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ब्रूस मेरीफील्ड यांनी १९६३ मध्ये अशी रीत प्रसिद्ध केली, की साखळीचे पहिले अमिनो आम्ल प्लास्टिकसारख्या राळेच्या मण्याला पक्के बांधायचे, त्यावर एकेक अमिनो आम्ल क्रमाने जोडत जायचे, प्रत्येक जोडणीनंतर उरलेली रसायने धुऊन टाकायची आणि शेवटी पूर्ण झालेली साखळी मण्यापासून सोडवून घ्यायची. या रीतीसाठी त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात एक मर्यादा आहे आणि ती साध्या गुणाकाराने कळते: प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली, तरी वीस जोडण्यांनंतर सुमारे ८२ टक्के साखळ्या निर्दोष राहतात, शंभर जोडण्यांनंतर ३७ टक्के आणि तीनशे जोडण्यांनंतर जेमतेम ५ टक्के. म्हणून आखूड साखळ्या रसायनतज्ज्ञाने कराव्यात आणि लांब साखळ्या, त्यांचा जनुक जीवाणूत घालून, जीवाणूंकडून करवून घ्याव्यात अशी विभागणी पडली.

या विभागणीचे परिणाम दोघांच्या स्वभावातही दिसतात. पेप्टाइड रसायनतज्ज्ञाच्या हुकमतीत असते. त्याला मेदाम्लाची शेपटी जोडता येते, निसर्गात नसलेली अमिनो आम्ले त्यात ओवता येतात, आणि त्याचा क्रम मनाजोगा ठरवून त्याच्याकडून हमखास तंतू, पत्रे किंवा नळ्या करवून घेता येतात. पण पंधरा-वीस अमिनो आम्लांच्या साखळीला फारसे कसब नसते. रासायनिक क्रियांना गती देणे, विशिष्ट रेणू ओळखून धरणे, रबरासारखे ताणून पुन्हा आकसणे ही कामे शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनांची, कारण ती कामे साखळीच्या घडीवर अवलंबून असतात आणि घडी पडायला लांबी लागते. ही घडी नाजूक असते, उष्णतेने किंवा आम्लाने उलगडते, आणि उलगडलेले प्रथिन निरुपयोगी गुठळी होऊन तळाशी बसते. तेव्हा पेप्टाइडने सांगाडा उभारावा आणि प्रथिनाने त्यावर आपले काम करावे, ही कल्पना कोणालाही सुचण्यासारखी होती; ती अमलात आणण्याचा मार्ग मात्र बराच वळणावळणाचा निघाला.

रेणू जुळतात ते कोणत्या बळावर, हे आधी पाहिले पाहिजे. आमटीवर तरंगणारे तेलाचे छोटे थेंब हळूहळू एकमेकांत मिसळून मोठा तवंग होतो, तेव्हा तेलाला तेलाची फार ओढ असते असे नसून, तेलाच्या पृष्ठभागाशी पाण्याच्या रेणूंना अवघडून विशिष्ट मांडणीत राहावे लागते आणि तेल एकवटले की असा पृष्ठभाग कमी होऊन पाणी मोकळे होते, हे त्याचे मुख्य कारण आहे. अमिनो आम्लांपैकी काहींचे बाजूचे गट असेच तेलकट, म्हणजे जलद्वेषी असतात, काहींचे जलस्नेही असतात, आणि त्यांतल्या काहींवर धन वा ऋण विद्युतभार असतो. याच्या जोडीला साखळीच्या कण्यातील नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या साखळीतील ऑक्सिजनकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. अनेक साखळ्या शेजारी शेजारी ताणून पहुडल्या आणि अशा बंधांनी आडव्या बांधल्या गेल्या, की जी पट्टी तयार होते तिला बीटा-पत्रक म्हणतात. रेशमाच्या धाग्याचा चिवटपणा याच घडणीतून येतो. यांतले एकेक बळ फार दुबळे आहे. शेकडो बळे एकाच दिशेने लागली तरच रचना टिकते, आणि म्हणूनच द्रावण पातळ केले, सामू बदलला किंवा मीठ टाकले, की पारडे चटकन फिरते.

अशा रचना ठरवून करता येतात हे कळायला एका योगायोगाची मदत झाली. अमेरिकेतील एमआयटीत काम करणारे शुगुआंग झांग यांना यीस्टमधील एका प्रथिनात अमिनो आम्लांचा असा एक तुकडा आढळला, की त्यात जलद्वेषी आणि भारित गट आळीपाळीने येत होते. त्या क्रमाचे सोळा अमिनो आम्लांचे पेप्टाइड तयार करून ते मिठाच्या द्रावणात टाकल्यावर डोळ्यांना दिसेल असा पातळ पडदा तयार झाला, आणि हे निरीक्षण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच घराण्यातील राडा-१६ नावाचे पेप्टाइड आज रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाते, २.५ टक्के तीव्रतेचे त्याचे आम्लधर्मी द्रावण पातळच राहते, पण रक्तातील क्षार आणि उदासीन सामू यांची गाठ पडताच त्याचा पारदर्शक जेल होतो. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युएल स्टुप यांच्या गटाने २००१ मध्ये वेगळा मार्ग दाखवला. त्यांनी पेप्टाइडच्या एका टोकाला मेदाम्लाची शेपटी जोडली, त्यामुळे साबणाच्या रेणूप्रमाणे एक टोक पाणी टाळणारे आणि दुसरे पाणी शोधणारे झाले. असे रेणू शेपट्या आत आणि पेप्टाइड बाहेर ठेवून दंडगोल तंतू बांधतात, आणि त्या तंतूंवर हाडातील खनिजाचे स्फटिक तंतूंच्या दिशेनेच वाढवून दाखवण्यात आले. तीन वर्षांनी त्याच गटाने तंतूंच्या पृष्ठभागावर लॅमिनिन या नैसर्गिक प्रथिनातील फक्त पाच अमिनो आम्लांचा तुकडा मांडला आणि त्या जाळ्यात ठेवलेल्या पूर्वगामी पेशी मोठ्या प्रमाणात चेतापेशींकडे वळल्या. येथे प्रथिनाची सही होती, प्रथिन नव्हते. संपूर्ण प्रथिन सांगाड्यावर चढवणे ही पुढची पायरी होती.

ती पायरी चढण्यापूर्वी निसर्ग हे काम कसे करतो ते पाहणे उद्बोधक ठरते. शरीरातील सर्वांत विपुल प्रथिन असलेले कोलॅजेन तीन साखळ्यांच्या पेडांनी वळलेले आहे, हे मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मांडले. पेड इतके घट्ट बसण्यासाठी प्रत्येक तिसरे अमिनो आम्ल सर्वांत लहान, म्हणजे ग्लायसीन असावे लागते. तीनपेडी गोफासारखा हा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १.५ नॅनोमीटर जाड असतो, आणि असे असंख्य रेणू ठरावीक अंतराने मागेपुढे सरकून दोरखंडासारखे तंतू करतात. हे दोरखंड पेशीच्या आतच वळले गेले तर पेशीचा श्वास कोंडेल. म्हणून पेशी कोलॅजेन तयार करते ते दोन्ही टोकांना जादा तुकडे लावलेल्या रूपात, आणि ते बाहेर पडल्यावर विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाइम, ते तुकडे कापतात तेव्हाच तंतू बांधले जाऊ लागतात. रक्ताची गोष्टही तीच. प्रत्येक लिटर रक्तद्रवात दोन ते चार ग्रॅम फायब्रिनोजेन कायम वाहत असते आणि ते गोठत नाही, कारण त्याच्या जोडबिंदूंवर छोट्या साखळ्यांची झाकणे असतात. जखम झाली की थ्रॉम्बिन हे विकर सोळा आणि चौदा अमिनो आम्लांची ती झाकणे उडवते आणि फायब्रिनचे जाळे विणले जाते. कप्पा-केसीनची लव, कोलॅजेनची टोके, फायब्रिनोजेनची झाकणे: तिन्ही ठिकाणी निसर्गाने जुळणीपेक्षा जुळणी रोखण्यावर अधिक खर्च केलेला दिसतो.

हा लगाम सुटला तर काय होते याचे उदाहरण अल्झायमरच्या विकारात मिळते, जेथे सुमारे चाळीस अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड मेंदूत बीटा-पत्रकांचे चिवट तंतू करून साठत जाते. तेल अवीव विद्यापीठातील मेइटल रेखेस आणि एहुद गाझित यांनी २००३ मध्ये दाखवले, की या पेप्टाइडच्या गाभ्यातील फक्त दोन अमिनो आम्लांची जोडी, फिनाइलअॅलॅनिनला जोडलेले फिनाइलअॅलॅनिन, पाण्यात स्वतःहून ताठ नळ्या करते. त्या नळ्यांच्या पोकळीत चांदी भरून नंतर पेप्टाइड काढून टाकले असता चांदीच्या नॅनोतारा उरल्या. दोन अमिनो आम्ले जर एवढे करू शकत असतील, तर जुळण्याची प्रवृत्ती दुर्मीळ मुळीच नाही. बीटा-पत्रके करण्याची हीच प्रवृत्ती एखाद्या पेप्टाइड-शेपटीच्या रूपाने प्रथिनाला जोडली, तर ते प्रथिन जीवाणूच्या पेशीत तयार होत असतानाच गुठळ्या करून बसण्याचा धोका असतो. साधी शेपटी लावून काम भागत नाही ते यामुळे.

या अडचणीवर जोएल कॉलियर आणि ग्रेगरी हुडाला यांच्या गटाने २०१४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये जो तोडगा मांडला, तो या विषयातील सर्वांत देखणा म्हणता येईल. त्यांनी प्रथिनाच्या टोकाला ‘बीटा-शेपटी’ नावाचा असा तुकडा जोडला, की तो एकटा असताना निमूट राहतो, त्यामुळे जीवाणू ते प्रथिन बिनतक्रार तयार करतात आणि ते शुद्धही करता येते. पण तंतू बांधणारे दुसरे पेप्टाइड द्रावणात मिसळले, की त्याच्या संगतीने ही शेपटी बीटा-पत्रकाचे रूप घेऊन वाढत्या तंतूत विणली जाते आणि तिच्या टोकाचे प्रथिन घडी न मोडता तंतूबाहेर लोंबत राहते. सांगाड्यासाठी वापरलेल्या क्यू-११ या पेप्टाइडची साखळी केवळ अकरा अमिनो आम्लांची आहे. शिस्त पेप्टाइडची आणि कसब प्रथिनाचे, ही वाटणी येथे प्रथमच इतकी स्वच्छ उतरली, आणि तिचे रहस्य त्या शेपटीच्या उताविळपणात नसून तिच्या संयमात होते.

त्यातून हाती आले ते प्रमाणावरील नियंत्रण. निरनिराळी प्रथिने एकाच प्रकारची शेपटी घेऊन आल्यामुळे तंतूत शिरण्याची त्यांची संधी सारखीच राहते, आणि द्रावणात ज्या प्रमाणात ती मिसळावीत, जवळजवळ त्याच प्रमाणात ती तंतूत उतरतात. हे डोळ्यांना पटावे म्हणून त्या गटाने वेगवेगळ्या रंगांत चमकणारी प्रथिने निवडली आणि चित्रकाराने तबकडीवर रंग कालवावेत तशा छटा आधी ठरवून तंतूंत उतरवून दाखवल्या. रासायनिक बंधांनी प्रथिने जोडण्याच्या जुन्या पद्धतीत असे नेमके प्रमाण साधणे अवघड होते, कारण तेथे प्रत्येक प्रथिनाची रासायनिक खोड निराळी असते. विकरांची कार्यक्षमता तंतूवर टिकून राहते हेही त्याच कामात दिसले, आणि लसीतील दोन प्रतिजनांपैकी, म्हणजे प्रतिकारयंत्रणा ओळखते त्या घटकांपैकी, कोणाला किती महत्त्व मिळावे हे प्रमाण बदलून ठरवता आले.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील आल्वारो माता यांच्या गटाने २०१५ मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’त मांडलेले काम याच्या जवळजवळ उलट टोकाला आहे. कॉलियर यांच्या पद्धतीत प्रथिन हे सांगाड्यावरचे प्रवासी असते. माता यांच्या पद्धतीत प्रथिन स्वतःच भिंतीचा भाग होते. त्यासाठी निवडलेले प्रथिन इलॅस्टिनच्या धर्तीवरचे होते. इलॅस्टिन म्हणजे धमन्या, फुप्फुसे आणि त्वचा यांना ताणून पुन्हा पूर्ववत होण्याची ताकद देणारे प्रथिन. त्यातील व्हॅलीन, प्रोलीन, ग्लायसीन, व्हॅलीन, ग्लायसीन असा पाच अमिनो आम्लांचा आवर्ती क्रम घेऊन जीवाणूंकडून अशा नकली साखळ्या करवून घेता येतात. या साखळ्यांचा एक गुण चमत्कारिक आहे: साखर, मीठ गरम पाण्यात अधिक विरघळतात, पण या साखळ्या थंड पाण्यात विरघळतात आणि पाणी तापवले की बाहेर पडून पाणी दुधाळ करतात. ऊब वाढली, की त्यांच्याभोवती अवघडून बसलेले पाणी मोकळे होऊ पाहते आणि साखळ्या एकमेकींकडे ढकलल्या जातात. तवंगाचेच हे दुसरे रूप. त्यांना पक्की घडी नसते. एरवी दोष मानला जाणारा हा बेशिस्तपणाच माता यांच्या गटाने कामाला लावला.

स्टुप यांच्या धाटणीचे मेदशेपटीचे पेप्टाइड आणि इलॅस्टिनसदृश प्रथिन यांची द्रावणे एकमेकांना भिडवली असता पेप्टाइडमुळे प्रथिनाची ठेवण बदलते आणि स्पर्शाच्या सीमेवर अनेक थरांचा मजबूत पडदा तयार होतो. हा पडदा तेथेच थिजून राहत नाही, हे विशेष. तो पृष्ठभागाला लागला की चिकटून त्याच्याशी सांधा घट्ट करतो, हवे तेथे उघडता येतो, फाटला तर सांधला जातो, आणि द्रावणाच्या हालचालीबरोबर त्याला ओढत नेले तर कोणत्याही साच्याशिवाय त्याची पोकळ नळी होत जाते. दोन्ही घटक पडद्याच्या दोन बाजूंनी झिरपत राहून परस्परांना भेटत असल्यामुळे ही व्यवस्था बराच काळ समतोलापासून दूर राहते. रसायनशास्त्राच्या भाषेत जो समतोल म्हणजे शेवट, तो येथे लांबवलेला असतो. रक्तवाहिन्यांना आतून अस्तर करणाऱ्या पेशी आणि मेदऊतींतून मिळवलेल्या मूळ पेशी यांच्याबरोबर या रचनेची चाचणी घेतली गेली. धमनीची प्रतिकृती तयार झाली असा अर्थ मात्र त्यातून काढता येत नाही, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब वर्षानुवर्षे सोसणे ही निराळीच परीक्षा आहे. या प्रयोगाचे मोल वेगळ्या जागी आहे: आकार साच्यातून किंवा छपाईयंत्रातून न येता दोन द्रवांच्या भेटीच्या गतीतून येऊ शकतो, हे त्याने दाखवले.

वैद्यकाच्या दृष्टीने या सर्व रचनांना प्रतिकारयंत्रणेचा पेच सोडवावा लागतो. विषाणूंची कवचे ही निसर्गातील अव्वल स्वयंरचना आहेत; तंबाखूवरील केवडा रोगाच्या विषाणूचे प्रथिन आणि आरएनए वेगळे करून पुन्हा एकत्र केले तर २,१३० प्रथिन-घटकांचा, ३०० नॅनोमीटर लांबीचा, संसर्गक्षम विषाणू परीक्षानळीत पुन्हा उभा राहतो, हे फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी १९५५ मध्येच दाखवले होते. एकच नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा दिसली, की प्रतिकारयंत्रणा सावध होते, आणि नॅनोतंतूंवर ओळीने मांडलेली प्रथिने नेमकी तशीच दिसतात. लसीसाठी हे वरदान आहे. क्यू-११ च्या तंतूंवर प्रतिजनाचा तुकडा मांडून उंदरांना टोचल्यावर, एरवी लसीत घालाव्या लागणाऱ्या उत्तेजक द्रव्याशिवायही भरपूर प्रतिपिंडे तयार झाल्याचे कॉलियर यांच्या गटाने २०१० मध्ये नोंदवले. जखम भरण्यासाठी किंवा ऊती उभारण्यासाठी तीच गोष्ट अडसर ठरू शकते, कारण तेथे आगंतुक रचनेकडे शरीराने दुर्लक्ष केलेलेच हवे असते. एकाच सांगाड्याने एका कामात गजर करावा आणि दुसऱ्यात चूप राहावे, ही मागणी वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

प्रत्यक्ष बाजारात पोहोचलेले शेजारच्या वाटेवरचे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे, जेथे २०२२ च्या जूनमध्ये स्कायकोव्हिओन या कोव्हिड लसीला मान्यता मिळाली. तिच्यातील कण अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकावर आराखडा करून घडवलेल्या प्रथिनांचा आहे: तीन-तीन घटकांचे वीस आणि पाच-पाच घटकांचे बारा संच मिळून तो बनतो आणि त्याच्या अंगावर करोना विषाणूच्या काट्याचे साठ तुकडे मिरवतो. येथे पेप्टाइड नाही, दोन्ही बाजूंना प्रथिनेच आहेत. पण संयमाची युक्ती ओळखीची आहे. दोन प्रकारचे संच वेगवेगळ्या पात्रांत तयार होतात, एकेकटे असताना कण बांधत नाहीत, आणि शुद्ध करून एकत्र ओतले की रचना पुरी होते.

पेप्टाइड आणि प्रथिन यांच्या मिश्र रचना प्रयोगशाळेतून रुग्णालयात जायच्या तर खर्च, शुद्धता आणि टिकाऊपणा यांइतकाच हाही प्रश्न सोडवावा लागेल, की त्या कुपीत असताना जुळलेल्या असाव्यात की सुट्या. जुळलेल्या ठेवाव्यात तर काळानुसार तंतू लांबत, गुंतत आणि बदलत जातात. सुट्या ठेवाव्यात तर भेट घडवण्याचे काम रुग्णाच्या खाटेशी, शल्यविशारदाच्या हातून व्हावे लागते. शस्त्रक्रियागृहात या दुसऱ्या प्रकारची एक वस्तू गेली काही दशके वापरात आहेच: फायब्रिनचा वैद्यकीय डिंक, ज्यात फायब्रिनोजेन एका पिचकारीत आणि थ्रॉम्बिन दुसरीत भरलेले असते, दोन्ही दट्टे एकाच दांडीला जोडलेले असतात, आणि ते दाबल्यावर दोन द्रव सुईच्या टोकाशी पहिल्यांदा भेटतात व जखमेच्या कडांवर गोठतात.